दहा वेळा तापवून

माठ वाजवून बघितला आणि शितलला काहीच कळलं नाही. आवाज आला नाही असं नाही. बोटाचं हाड माठाच्या पोटावर आपटल्यावर जसा यायला हवा तसाच आला, गोल आणि लांबलेला. डहाणू स्टेशनबाहेरच्या बाजारात गोणपाटावर पंधरा-वीस माठ मांडलेले, डोक्यावर वैशाखाचं ऊन, बाजूला चिकूच्या पाट्या, आणि माठवाली म्हणत होती की घे गं बाय, गळणार नाही. शितल पुन्हा वाकली, पुन्हा वाजवलं, मग माठ फिरवून दुसऱ्या बाजूने वाजवलं. एरवी एका टिचकीत निकाल लावणारी ही मुलगी. पाड्यावरच्या बायका माठ घ्यायला जाताना हिला मुद्दाम सोबत न्यायच्या. आज मात्र तोच आवाज कानात शिरत होता आणि आत कुठेही टेकत नव्हता. माठवाली वैतागून म्हणाली की घ्यायचा तर घे, नाहीतर वाजवून वाजवून फोडशील. शितलने हात मागे घेतला. या आवाजावरून माठ वरवर अखंड आहे एवढंच कळतं, आतली माती नीट भाजली आहे की नाही ते कळत नाही, आणि आपल्याला ते कधीच कळत नव्हतं, हे तिला भर बाजारात उमगलं. माठ न घेताच ती जीपच्या थांब्याकडे चालू लागली.

कुठे जायचं हे ठरवलं नव्हतं, पण पाय ठरवून बसले होते. उधव्याकडच्या पाड्यावर जायचं, तिच्याच कारखान्यात भट्टी चालवणाऱ्या हाल्याकाकाकडे. गेले आठ दिवस ती ते टाळत होती. सुट्टी असूनही पाड्यावर गेली नाही, आई शुक्रीला फोनवर सांगितलं की काम आहे, आणि डहाणूतल्या भाड्याच्या खोलीत पंख्याखाली पडून राहिली. आईनेच तिला वाजवायला शिकवलं होतं. सहा-सात वर्षांची असताना आई तिचा हात धरून माठावर टिचकी मारायला लावायची आणि म्हणायची की डोळे मिट, तडा असला तर आवाज मधेच खाली बसतो. तो खाली बसणारा आवाज शितलला असा काही पाठ झाला की पुढे तिने कौलं वाजवली, नारळ वाजवले, शाळेची घंटा चिरलेली आहे हे मास्तरांच्या आधी सांगितलं. या कानाचं सगळ्यांना कौतुक होतं. आपलं ज्या गोष्टीबद्दल कौतुक होतं ती माणूस सहसा तपासून बघत नाही. शितलनेही बघितली नाही, आणि रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती तलासरीच्या पुढे हायवेलगतच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागली, तेव्हा पदवीबरोबर तो कानही तिथे घेऊन गेली.

कारखान्यात प्लेटा बनतात. जेवायच्या नव्हेत. टाइल्स आणि कपबश्या भाजणाऱ्या भट्ट्यांत माल ज्यांच्यावर रचतात त्या दोन बोटं जाडीच्या, मातकट पिवळ्या प्लेटा. मालासोबत त्यांनीही रोज आगीत जायचं आणि रोज बाहेर यायचं, शेकडो वेळा, आणि तडकायचं नाही. हे साध्या मातीला जमत नाही. त्यासाठी मातीत शंखजिरे आणि अॅल्युमिना मिसळून ते असं भाजावं लागतं की आत कॉर्डिएराइट नावाचे स्फटिक उगवतील. कामगार त्याला कोडराइट म्हणतात, आणि रोज हाताळतात त्यामुळे शितललाही तोच उच्चार खरा वाटतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात सल्लागार म्हणून येणारे इराणी साहेब, डहाणूच्या चिकूवाडीतले, सत्तरीचे, पानाची डबी खिशात ठेवणारे, त्यांनी तिला एक फोटो दाखवला होता. हजारपट मोठा केलेला तुकडा, आणि त्यात सहा कोपऱ्यांचे दाणे एकमेकांना चिकटून बसलेले. बाकी सगळं तापलं की फुगतं, निवलं की आकसतं आणि त्या ओढाताणीत फुटतं, साहेब म्हणाले, पण हा दाणा तापला तरी जवळजवळ जागचा हलत नाही. मात्र त्याला उगवायला जागा फार अरुंद. तेराशे साठ अंशांना नुसतं पोचायचं नाही, तिथे चार तास थांबायचं. वीस-पंचवीस अंश वर गेलात तर प्लेट मऊ होऊन झुकते. खाली राहिलात किंवा लवकर निघालात तर आत काच तयार होते आणि दाणे पोटातच राहतात. वरून दोन्ही प्लेटा सारख्याच दिसतात. हे सगळं शितलने वहीत लिहून घेतलं होतं. साहेबांनी शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली होती, दाण्यादाण्यांच्या मधल्या बारीक भेगांबद्दल, पण तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि तिने पेन मिटलं होतं.

जीप भरेपर्यंत अर्धा तास गेला. खिडकीच्या कडेला अंग चोरून बसल्यावर तिला पुन्हा तो फोटो दिसू लागला. दाण्यांचा नव्हे, दुसरा. मुकेशभाईंनी, म्हणजे तिच्या मॅनेजरने, मोबाइल तिच्यासमोर धरला होता. गुजरात हद्दीपलीकडच्या एका कारखान्यातून आलेला तक्रारीचा फोटो, प्लेटांचे तुकडे, तुकड्यांवर कोसळलेला माल, आणि कोपऱ्यात चुकून आलेली बायकांची एक चप्पल. गरम गाडी भट्टीतून बाहेर ओढताना तिसऱ्या थराच्या प्लेटा फुटल्या आणि वरचं सगळं खाली आलं. गाडी ओढणाऱ्यांत झाईहून रोज पलीकडे कामाला जाणारी पुष्पा नावाची बाई होती. तिचा उजवा हात कोपरापासून खाली भाजला. पत्रात तिचं नाव होतं, वय होतं, एकतीस, आणि हात कामाचा राहील की नाही हे आताच सांगता येत नाही असं एक वाक्य होतं. शितल तिला ओळखत नव्हती. पण त्या दिवसापासून ती चप्पल तिच्या खोलीत राहायला आली होती. दार उघडलं की दाराशी तिला आधी ती दिसायची, मग स्वतःची.

त्या लॉटचं असं झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी विजेचा दाब वरखाली झाला आणि मोठ्या भट्टीचा अंश दाखवणारा पडदा बंद पडला. दुरुस्तीवाला वापीहून दुसऱ्या दिवशी येणार होता. भट्टी मधेच विझवली तर आतला सगळा माल वाया, म्हणून हाल्याकाकाने ती नजरेवर चालवली. वीस वर्षं वीटभट्ट्यांवर आगीचा रंग बघत काढलेला माणूस. भोकातून आत बघून आता तेराशेला आली, असं तो म्हणायचा आणि पडदा तेच दाखवायचा. पण तेराशेच्या पुढे आग इतकी पांढुरकी होते की चाळीस-पन्नास अंशांचा फरक कुणाच्याच डोळ्याला दिसत नाही. हे काकालाही माहीत होतं. म्हणूनच सकाळी पाळी संपवून जाताना तो घामेजल्या कपड्यांनी तिच्या टेबलापाशी आला आणि त्याने तिला सांगितलं की रात्री पडदा बंद होता, मी नजरेनं चालवलीय, तू नीट बघ. शितलने मान हलवली होती. ती मान हलवणं तिला आता स्वतःच्या मानेत जाणवायचं, आंघोळ करताना, केस विंचरताना.

नीट बघायचं म्हणजे लॉटमधल्या तीन प्लेटा छोट्या भट्टीत लाल होईपर्यंत तापवायच्या, बाहेर काढून पंख्यासमोर निववायच्या, पुन्हा तापवायच्या. असं दहा वेळा. त्यात अख्खा दिवस जातो. आणि फाटकात ट्रक उभा होता, ड्रायव्हर दोनदा आत येऊन घड्याळ दाखवून गेला होता. मुकेशभाईंनी काही हुकूम सोडला नाही, हेही तिला प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. ते फक्त हसत म्हणाले होते की आपल्या शितलच्या कानाला ना वीज लागते ना वेळ. आजूबाजूचे हसले, तीही हसली. मग तिने तीन प्लेटा उभ्या करून वाजवल्या. काय आवाज होता तो. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ, लांबवर जाणारा. इतका सुंदर आवाज तिने त्या कारखान्यात क्वचितच ऐकला होता आणि तिला मनापासून आनंद झाला, काकाच्या नजरेचा अभिमान वाटला. तिने रजिस्टर ओढलं आणि नेहमीचं वाक्य लिहिलं. दहा वेळा तापवून व निववून पाहिले, तडा नाही. खाली सही केली. ट्रक अकराच्या आत हायवेला लागला. त्या दिवशी, त्या दिवशी, असं ती मनात घोकत राहायची, आणि घोकताना त्या दिवसाच्या आधीचं पान उलटू नये म्हणून जणू अंगठा दाबून धरायची.

आता सगळं काकावर आलं होतं. भट्टी त्याने चालवली, पडदा बंद असताना चालवली, आणि रजिस्टरमध्ये माल पास होता म्हणजे तपासणीत खोट नाही, असा सरळ हिशेब वरच्या लोकांनी मांडला. पलीकडच्या कारखान्याला चूक कुणाची हे लेखी हवं होतं. काकाला घरी बसायला सांगितलं आणि सोमवारी येऊन कबुलीच्या कागदावर सही कर म्हणाले. काकाने एका शब्दानेही सांगितलं नाही की मी शितलला सावध केलं होतं. तिला वाटत होतं की तो आपल्याला पाठीशी घालतोय. त्या विचाराने तिला रडू यायचं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटायचं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटायची.

जीपमधून उतरून ती पाड्याची चढण चढली तेव्हा दुपार कलली होती. आईचं घर आधी लागत होतं, ती मागच्या वाटेने गेली. हाल्याकाका पडवीत चुलीपाशी बसून चहा उकळत होता. बायको शेतावर गेली होती. त्याने तिला बघून आश्चर्य दाखवलं नाही, फक्त दुसरा कप पुढे ओढला. ऊन लागलं असंल, बस, म्हणाला. मग बराच वेळ तो कैऱ्यांबद्दल बोलला, यंदा वाऱ्याने किती पडल्या त्याबद्दल. शितल हो हो म्हणत राहिली. काका बोलता बोलता मधेच एक डोळा हाताने झाकून समोरच्या सागाकडे बघायचा, मग दुसरा झाकून बघायचा. तिने तिसऱ्यांदा ते पाहिलं आणि विचारलं की डोळ्याला काय झालंय.

"कासाच्या दवाखान्यात जाऊन आलो मंगळवारी," तो म्हणाला. "डोळे तपासले. डॉक्टर बोलला, वयाच्या मानानं चांगले हायत. पण चांगले कुठनं असतील, बाय? वीस वर्षं आगीत बघितलं, आता आगच फसवते मला. सही करताना वाईट नाय वाटायचं. पण उद्या चुलीकडं बघितलं तरी मला खरं वाटंल का, सांग."

शितलला आता कळलं. तो तिला पाठीशी घालत नव्हता. त्याच्या मनात ते आलंच नव्हतं. तिने दहा वेळा तापवून बघितलं यावर त्याचा इतका भरवसा होता की त्याने शंका घेतली ती स्वतःच्या डोळ्यांवर. गेले आठ दिवस हा माणूस एकेक डोळा झाकून झाडाकडे बघत होता.

चहा उतू गेला. काकाने भांडं उचललं, आणि फेस चुलीखालच्या तापलेल्या प्लेटवर सांडून चर्र झाला. पाड्यावर घरोघरी अशा प्लेटा आहेत, कोपरा उडालेल्या, कारखान्यातून टाकून दिलेल्या. कुणी उंबऱ्याला लावल्यात, कुणी चुलीखाली. काकाची ही चार वर्षांची. तिच्यावर रोज आग, रोज उतू गेलेलं पाणी, पेज, चहा, आणि तिच्यावर एक रेघही नव्हती. शितल ती बघत राहिली. मग पुढे सरकून, पदराने धरून, बाजूला टेकवून ठेवलेली तिच्याच जोडीची दुसरी गार प्लेट तिने उभी केली आणि बोटाच्या हाडाने वाजवली. बद्द. पुन्हा वाजवली. आवाज उठलाही नाही, जागच्या जागी मुरला. भाकरीच्या थंड पिठावर थाप मारावी तसा. माठ असता तर तिने तो हाताने बाजूला सारला असता. आणि पेन मिटल्यावर इराणी साहेब काय म्हणाले होते ते चार वर्षांनी तिला शब्द न् शब्द ऐकू आलं. दाणे पूर्ण उगवले की त्यांच्यामध्ये केसाहून बारीक भेगा राहतात, त्याच धक्का गिळतात, आवाजही गिळतात. फार गोड वाजणाऱ्या प्लेटवर भरवसा ठेवू नकोस, पोरी, तिच्यात काच जास्त असते.

"एक गोष्ट मला कळत नाय," काका चहा गाळत म्हणाला. "माझी भट्टी कच्ची राहिली, मान्य. पण मंग तुझ्या दहा वेळांत ती प्लेट कशी नाय तुटली?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. खरोखरच त्याला ते कळत नव्हतं, आणि कुणा जाणत्याला विचारावं तसं तो विचारत होता.

"मी तापवलीच नव्हती, काका," शितल म्हणाली. "नुसती वाजवून बघितली."

त्याने गाळणं खाली ठेवलं. कपात निम्माच चहा होता. अंगणात कोंबडी पाचोळा उकरत होती आणि तो तिच्याकडे बघत राहिला, दोन्ही डोळे उघडे ठेवून. त्याचा चेहरा हळूहळू कडक झाला. शितलने त्याला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं आणि आताही तो मोठ्याने बोलला नाही.

"मी तुला सांगून गेलो व्हतो."

"हो."

"मंग तसं लिहिलंस कशाला? वाजवून बघितली असं लिहायचं. मी परत भट्टी लावली असती. एक रात्र गेली असती, दुसरं काय."

ट्रकचं कारण सांगावंसं वाटलं, हसणाऱ्यांचं सांगावंसं वाटलं, पण ते तोंडात आल्यावर इतकं हलकं लागलं की तिने गिळून टाकलं. काकाने तिला माफ केलं असंही म्हटलं नाही आणि सही करणार की नाही हेही सांगितलं नाही. निम्मा चहा तिच्यापुढे सरकवला आणि उठून तो पडवीच्या टोकाला गेला, तिच्याकडे पाठ करून सागाकडे बघत उभा राहिला. या वेळी त्याने डोळा झाकला नाही. शितलने चहा पिऊन कप विसळला आणि निघाली. आईच्या घरावरून जाताना आईने हाक मारली, तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

सोमवारी ती पाळीच्या आधी अर्धा तास पोचली. लॉटच्या राखून ठेवलेल्या तीन प्लेटा अजून फळीवर होत्या. तिने एक छोट्या भट्टीत ठेवली, लाल झाल्यावर सांडशीने काढली आणि पंख्यासमोर धरली. पहिल्याच खेपेला, दहाव्या नव्हे, दुसऱ्या नव्हे, पहिल्याच, टच् आवाज झाला आणि एक रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. इतकं सोपं होतं ते. दिवसही लागला नाही, पाऊण तास लागला. हातात सांडशी धरून ती तशीच उभी राहिली आणि पाऊण तासात पुष्पाचा हात वाचला असता हे तिने स्वतःला पुरतं समजू दिलं. मग टेबलाशी जाऊन रजिस्टर उघडलं, तीन आठवड्यांपूर्वीचं पान काढलं, आपलंच वाक्य एका रेघेने खोडलं आणि खाली लिहिलं. फक्त वाजवून पाहिले. एकदाही तापवले नाही. सही केली, आजची तारीख घातली.

मुकेशभाईंनी ते पान उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर दार लावायला गेले, पण दारात हाल्याकाका उभा होता, धुतलेला शर्ट घालून, सहीसाठी आलेला, म्हणून दार तसंच राहिलं. मुकेशभाई वाईट माणूस नाहीत. हळू आवाजात ते तिला समजावू लागले की भट्टीची चूक निघाली तर एक लॉट जातो, तपासणी खोटी निघाली तर कारखान्याचा कागदच खोटा ठरतो, आणि इथे साठ घरं जेवतात, तुझ्या पाड्यावरची अकरा आहेत त्यांत. हाल्याला काहीतरी देऊन मानाने घरी बसवू. पान बदलता येतं. शितल ऐकत होती. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं. तिने रजिस्टरवरचा हात काढला नाही. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि, अगदी हो म्हण अशा विनवणीनेच, विचारलं,

"बरं, एवढाच लॉट ना?"

काका दारातून तिच्याकडे बघत होता. बाहेर ट्रक भरत होते, प्लेटा फळ्यांवर चढताना एकमेकींना लागत होत्या आणि त्यांतल्या काही फार गोड वाजत होत्या. आधी विकलेल्या आज कुठल्या कुठल्या भट्टीत, कुणाच्या डोक्यावर रचलेल्या असतील ते तिला माहीत नव्हतं. ते फक्त या रजिस्टरला माहीत होतं. शितलने पेनचं टोपण पुन्हा काढलं आणि त्या आधीचं पान उलटलं. मग त्याच्याही आधीचं.